बाटलीतलं आशियाई ड्रेसिंग घरच्या खलबत्त्यात

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या मोठ्या किराणा दुकानांत सॉसच्या फळीवर आता ‘थाई’, ‘ओरिएंटल’, ‘रोस्टेड सेसमी’ अशा नावांच्या बाटल्या दिसायला लागल्या आहेत. डॉक्टरांनी किंवा जिमवाल्यांनी ‘जेवणाआधी सॅलड खा’ म्हणून सांगितलेलं असतं. नुसती काकडी आणि गाजर किती दिवस चावणार, म्हणून बाटली घरी येते. आठवडाभर तिचं कौतुक होतं आणि मग ती फ्रीजच्या दारात पडून राहते. घरीच करावं म्हटलं तर इंटरनेटवरच्या कृतीत फिश सॉस, मिरिन, राइस व्हिनेगर, पाम शुगर अशी यादी असते. हे सगळं परभणी-हिंगोलीत शोधायचं कुठे?

शोधायची गरज नाही. सोया सॉस तेवढा विकत आणावा लागतो. बाकी प्रत्येक वस्तूचं काम करणारं काही ना काही मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात आधीच आहे. कोणती वस्तू नेमकं काय काम करते आणि कशाच्या आधी काय घालायचं, एवढं कळलं की निम्मी बाजी मारली.

बाटलीत असतं काय?

ड्रेसिंग म्हणजे कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या भाजीला चव लावणारं पातळ मिश्रण. ते भाजीला धरून राहिलं पाहिजे, ताटलीच्या तळाशी साचता कामा नये. मेथीच्या घोळाण्यात आपण हेच करतो. बारीक चिरलेली मेथी, कांदा, कच्चं तेल, मीठ, तिखट, शेंगदाण्याचं कूट, आणि हाताने घोळून घेतलं की झालं. फरक एवढाच, की घोळाण्यात सगळं थेट पानांवर पडतं. ड्रेसिंग आधी वाटीत जुळवून मग ओततात.

बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे सगळ्यात जास्त वजनाचा घटक पहिला लिहावा लागतो. पाणी, साखर, तेल ही नावं बहुतेक वेळा वरच सापडतात आणि ज्याचं चित्र लेबलवर छापलंय ते तीळ बरेच खाली. शेवटी आकडे येतात, ते म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या पूरक घटकांचे आंतरराष्ट्रीय (आयएनएस) क्रमांक. आयएनएस ४१५ म्हणजे झँथन गम, मिश्रण दाट ठेवणारा. आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकवणारा. हे काही विष नाही. बाटलीला महिनोन्‌महिने फळीवर उभं राहायचं असतं, म्हणून ते लागतं. घरी केलेलं चार दिवसांत संपणार, त्याला दोन्ही नकोत.

तेल कमी, बाकी सगळं जास्त

फ्रेंच पद्धतीच्या साध्या ड्रेसिंगचं प्रमाण ठरलेलं आहे, तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर. चीन, जपान, थायलंड, व्हिएतनामकडे हा हिशेब उलटा होतो. तिथे तेल बहुतेक वासापुरतं, चमचाभर. कच्च्या पपईच्या थाई सॅलडमध्ये, म्हणजे ‘सोम तम’मध्ये, तर तेल नसतंच.

तेल नाही तर चव कशाने? आंबट, खारट, गोड, तिखट आणि उमामी या पाच गोष्टींनी. उमामी म्हणजे वरणात पिकलेला टोमॅटो पडल्यावर किंवा मटणाच्या रश्श्याला जी भरीव, तोंडात रेंगाळणारी चव येते ती. १९०८ साली जपानमधले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ती वेगळी काढून दाखवली. तिचं मूळ ग्लुटामेट नावाच्या घटकात आहे. सोया सॉस आणि फिश सॉस खारटपणाबरोबर ही चवही आणतात, म्हणून नुसतं मीठ घालून तसा परिणाम साधत नाही.

सुरुवातीचं माप असं धरा: आंबट २ भाग, सोया सॉस २ भाग, गूळ १ भाग, पाणी १ भाग, तेल अर्धा भाग किंवा त्याहून कमी. लेखात मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली. चौघांसाठी साधारण ४०० ग्रॅम भाजी आणि तिला पाच-सहा मोठे चमचे ड्रेसिंग पुरतं. भाजी ड्रेसिंगात पोहत असेल तर समजा प्रमाण चुकलं.

डब्यांत काय काय आहे

आंबटासाठी लिंबू सगळ्यात सोपं. एका मध्यम लिंबातून एक मोठा चमचा रस सहज निघतो. पण लिंबाचा ताजा वास काही तासांत उतरतो, म्हणून लिंबाचं ड्रेसिंग त्याच दिवशी संपवायचं. टिकाऊ हवं असेल तर व्हिनेगर. दुकानात स्वस्तात मिळणारं पांढरं व्हिनेगर बहुतेक सिंथेटिक, म्हणजे ॲसेटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असतं, आणि बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. चालतं, पण ते घशाला लागतं. एक भाग व्हिनेगरला अर्धा भाग पाणी आणि चिमूटभर साखर घातली की तांदळाच्या मवाळ व्हिनेगरच्या बरंच जवळ जातं.

चिंचेच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकनही मिळालंय. इंडोनेशिया-थायलंडच्या स्वयंपाकातही चिंच मुरलेली आहे, त्यामुळे इथे पर्याय शोधायचा प्रश्नच येत नाही. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, कोळा, गाळा. कोळ दाट हवा, चमच्यावरून सावकाश ओघळणारा. सारासारखा पातळ झाला तर ड्रेसिंग बेचव होतं.

गुळाचंही तसंच. थाई कृतीतली पाम शुगर म्हणजे ताडाच्या किंवा नारळाच्या रसापासून केलेला गूळच. तेव्हा साखरेपेक्षा आपला उसाचा गूळ तिच्या जास्त जवळचा. फक्त किसून घ्या आणि विरघळल्यावर गाळा. काहीतरी कचकचतंच.

सोया सॉसकडे जरा नीट पाहायला हवं. सोयाबीनचे ढीग लातूरच्या बाजार समितीत लागतात, पण ते प्रामुख्याने तेल आणि पेंडीसाठी जातं; सॉस बाहेरूनच येतो. चांगला सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांचं मिश्रण काही महिने आंबवून होतो. दुसरा प्रकार आम्लाने प्रथिनं तोडून काही दिवसांत तयार करतात. त्यात कॅरॅमलचा रंग घातलेला असतो आणि चव एकसुरी लागते. यादीत ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ दिसलं तर ती बाटली मंचुरियनला ठेवा. ड्रेसिंगमध्ये सॉस शिजत नाही, त्यामुळे त्याची खोट लपत नाही. ‘लाइट’ आणि ‘डार्क’ असे दोन्ही मिळत असतील तर लाइट घ्या. त्याचा रंग पातळ आणि खारटपणा जास्त असतो. डार्क सॉसने कोबी चिखलासारखा दिसतो.

तेलाची गल्लत हमखास होते. चिनी-कोरियन कृतीत ‘सेसमी ऑइल’ म्हटलं की ते भाजलेल्या तिळाचं, तपकिरी, घमघमणारं तेल असतं आणि ते थेंबांनी घालतात. आपल्याकडच्या घाण्याचं तिळाचं तेल न भाजलेल्या तिळाचं, फिकट असतं. ते चमचाभर घातलं तरी तो वास येणार नाही. (दिव्यासाठी म्हणून विकलं जाणारं तिळाचं तेल तर खायचं नसतंच, बाटली वाचून घ्या.) त्यावर तोड सोपी आहे. दोन मोठे चमचे तीळ खमंग भाजून जाडसर कुटा. चार मोठे चमचे शेंगदाणा किंवा करडई तेल कोमट करून त्यात टाका, अर्धा तास मुरू द्या, गाळा. फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर करडई बरी, कारण शेंगदाणा तेल गारठ्यात गढूळ आणि घट्ट होतं. बाहेर काढल्यावर ते पूर्ववत होतं, बिघडलेलं नसतं.

आधी काय, मग काय

मीठ आणि गूळ पाण्यात विरघळतात, तेलात नाही. आधी तेल ओतलं की गुळाचे कण तेलाने माखतात आणि तळाशी तसेच बसून राहतात. म्हणून तेल कायम शेवटी.

पहिला मान लसणाचा. लसूण ठेचताक्षणी त्यातलं एक एन्झाइम उग्र वास तयार करायला लागतं, आणि आंबटात ते मंदावतं. तेव्हा लसूण ठेचून बाजूला ठेवू नका, सरळ लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये टाका आणि दहा मिनिटं थांबा. उग्रपणा कमी होतो, चव राहते. मग गूळ घालून विरघळेपर्यंत ढवळा. नंतर सोया सॉस, पाणी, आल्याचा रस (किसलेलं आलं पिळून, दोरे दातांत अडकतात) आणि सगळ्यात शेवटी तेल.

तेल आणि पाणी एकजीव होत नाही. बांधाच्या वादातल्या भावकीसारखं ते, एका बाटलीत घालून कितीही हलवा, जरा सोडलं की दोघं आपापल्या बाजूला. मध्ये बसणारा कोणी असेल तर मात्र निभतं, आणि अशा निभलेल्या मिश्रणाला इमल्शन म्हणतात. कारखान्यात हे मध्यस्थीचं काम गम करतो. घरी बारीक वाटलेलं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं कूट, किंवा छोटा चमचाभर मोहरीची पूड करते. मध्यस्थ नसलेलं पातळ ड्रेसिंग वेगळं झालं तर ती चूक नाही. ओतायच्या आधी बाटली हलवायची, इतकंच.

चाखताना चमच्याने चाखू नका. तसं ते नेहमीच भडक लागतं. काकडीचा तुकडा बुडवून खा. फिकं वाटलं तर आधी आंबट थोडं वाढवून पाहा, मीठ त्यानंतर. फार आंबट असेल तर गूळ. खारट झालं तर अर्धं लिंबू आणि एक चमचा पाणी.

शेंगदाण्याचं ड्रेसिंग, इंडोनेशियाच्या वळणाचं

‘गाडो-गाडो’ हे इंडोनेशियातलं सॅलड. उकडलेले बटाटे, वाफवलेल्या शेंगा, कोबी, मोड, अंडं आणि वरून शेंगदाण्याचा दाट सॉस. मराठवाड्यातल्या घरात नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं आमचं मत, कारण यातली एकही चव अनोळखी नाही.

शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सोलून, मिक्सरमध्ये अगदी बारीक करा. कुटासारखं भुरभुरीत राहिलं तर ड्रेसिंग रवाळ लागतं. दाण्यांना तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत फिरवा. त्यातले चार मोठे चमचे घ्या. एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, एक मोठा चमचा गूळ, एक मोठा चमचा सोया सॉस, एक लसूण पाकळी आणि अर्धा छोटा चमचा तिखट. तिखटाऐवजी ठेचा घालणार असाल तर त्यात मीठ आणि लसूण आधीच आहे हे लक्षात ठेवून सोया सॉस निम्मा करा आणि लसूण वगळा.

आता पाणी, कोमट, एकेक चमचा. पहिल्या दोन चमच्यांना मिश्रण सैल होण्याऐवजी आणखी घट्ट होतं, अक्षरशः पिठल्याच्या गोळ्यासारखं. इथेच माणूस घाबरून तेल ओततो. ओतू नका. दाण्यांतला कोरडा भाग पाणी पितोय, त्याचं पोट भरलं की पुढच्या दोन-तीन चमच्यांत ते एकदम मऊ, ओघळतं होतं. एकूण पाच-सहा चमचे लागतात. पंधरा मिनिटांनी ते पुन्हा घट्ट होईल. वाढताना आणखी एक चमचा पाणी घाला.

दाणे मात्र निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले, कडू लागणारे दाणे काढून टाका. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पूर्ण जात नाही.

बिनतेलाचं थाई, खलबत्त्यातलं

तीन लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक मोठा चमचा गूळ खलबत्त्यात ठेचा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दीड मोठा चमचा सोया सॉस घाला. मूळ कृतीत इथे फिश सॉस असतो, मासे आणि मीठ कित्येक महिने मुरवून केलेला. माळकरी घरात सोया सॉस पुरेसा आहे. खाणाऱ्यांच्या घरात एक छोटा चमचा भाजलेली सुकट कुटून घाला. थायलंडमध्येही यात सुकी कोळंबी पडतेच, आणि सुकट तर आठवडी बाजारात मिळते.

याच खलबत्त्यात चवळीच्या शेंगांचे बोटभर तुकडे आणि टोमॅटोच्या फोडी घालून हलकेच चेचा, म्हणजे त्यांचा रस ड्रेसिंगमध्ये उतरतो. मग किसलेली कच्ची पपई आणि भाजलेले अर्धबोबडे दाणे. मिक्सर वापरू नका. त्यात मिरची-लसणाचा लगदा होतो आणि शेंगा फाटतात. कच्च्या पपईत चीक असतो म्हणून गरोदरपणात ती टाळायला सांगतात. त्याऐवजी गाजर, कोबी किंवा वाळूक घ्या. वरून कोथिंबीर. औसा तालुक्यातल्या कास्तीची मिळाली तर उत्तम, तिलाही मानांकन आहे.

तिळाचं जपानी आणि सोया-लिंबाचं साधं

तिळाचं पटकन होतं. तीन मोठे चमचे तीळ तडतडायला लागेपर्यंत भाजा आणि लगेच ताटात काढा. गरम तव्यातच ठेवले तर आच बंद करूनही करपतात. बारीक करून एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर, दोन मोठे चमचे पाणी. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिळलेल्या पालकावर हे फार छान लागतं. कारळे घालून पाहायचे असतील तर तिळाच्या एक तृतीयांशच. कारळ्याचा कडवटपणा भाकरीबरोबर खपतो, पालकाबरोबर नाही.

सोया-लिंबाचं म्हणजे वर दिलेलं मूळ मापच: दोन, दोन, एक, एक, वर छोटा चमचाभर तिळाच्या वासाचं तेल. मोड आलेली मटकी वाफवून त्यावर घाला.

पाणी सुटतं कुठून?

‘ड्रेसिंग घातलं आणि दहा मिनिटांत सगळं पाणी-पाणी’ ही तक्रार घरोघरची. दोष ड्रेसिंगचा नसतो. खारट द्रव कापलेल्या भाजीला लागला की तो भाजीतलं पाणी बाहेर ओढतो. काकडी आणि वाळकात पाणीच पाणी, म्हणून तिथे ते आधीच काढून टाकायचं. अर्धा किलो फोडींना एक छोटा चमचा मीठ चोळा, वीस मिनिटं चाळणीत ठेवा, घट्ट पिळा. वाटीभर पाणी निघालेलं दिसेल. मग ड्रेसिंगमधला सोया सॉस एक तृतीयांशाने कमी करा, कारण मीठ आत गेलेलं आहे.

कोबी आणि गाजर उलट. त्यांना पंधरा मिनिटं आधी ड्रेसिंग लावलं तर ती नरम होऊन चव धरतात. मेथी, घोळ, पाथरी अशा पानांना ताट वाढल्यावरच लावा. आणि धुतलेली पानं कापडावर पूर्ण कोरडी झाली पाहिजेत. ओल्या पानावरून ड्रेसिंग घसरतं आणि पातळही होतं. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाण्यापेक्षा उकळत्या पाण्यातून काढलेली बरी.

काही रास्त शंका

सोया सॉस म्हणजे मीठच ना? हो, बरंचसं. एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅमहून थोडं जास्त मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. दोन चमचे चौघांत वाटले तर माणशी ग्रॅमभर येतं. त्या जेवणात लोणचं आणि पापड दोन्ही असतील तर हिशेब बिघडतो. रक्तदाब असलेल्यांनी सॉस निम्मा करून लिंबू वाढवावं. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिअ‍ॅक (गहू न सोसण्याचा आजार) असलेल्यांनी नेहमीचा सोया सॉस टाळावा, त्यात गहू असतो.

गूळ आहे म्हणजे मधुमेहात चालेल? नाही. रक्तात गेल्यावर गूळ साखरेसारखाच वागतो. माप निम्मं करा आणि गाजर-टोमॅटोच्या गोडीवर भागवा.

तेल अजिबातच काढून टाकलं तर? वजनासाठी ठीक वाटतं, पण गाजर-पालकातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. थाई ड्रेसिंगमध्ये ती दाण्यांतून मिळते. दाणे आणि तेल दोन्ही काढू नका.

भाकरीबरोबर जाईल का? शेंगदाण्याचं आणि तिळाचं खुशाल. आंबट-पातळ थाई ड्रेसिंग भाकरीला ओलं करतं, ते भाताबरोबर किंवा नुसतंच बरं.

किती दिवस टिकतं

व्हिनेगर, सोया सॉस आणि गुळाचं, लसूण न घातलेलं मिश्रण काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतं. त्यात जेवणाच्या वेळी हवं ते ताजं मिसळा. लसूण, आलं किंवा कूट पडलेलं चार दिवसांत संपवा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं तर धोक्याचंच. हवा न लागणाऱ्या त्या जागेत बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून काहीच कळत नाही. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वीज चार-सहा तास गेली, तर लसणाचं आणि कुटाचं ड्रेसिंग टाकून द्या. व्हिनेगरवाल्या बाटलीला काही होत नाही. पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई उडालेल्या भांड्यात यातलं काहीही कालवू नका, आंबट त्याला खातं. स्टील चालतं, पण रात्रभर ठेवायचं असेल तर काच.

उरलेलं शेंगदाण्याचं ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी दुप्पट पाण्यात सैल करून, कांद्याच्या फोडणीत एक उकळी आणून, उकडलेल्या वांग्यावर घालता येतं. उकळताना ते तळाला लागतं, तेवढं ढवळत राहा.